युद्ध कीं दंड ? नगर प्रांतांतील तीन कैदांचा विचार

भीमेच्या कांठीं श्रीगोंदें तालुक्यांत पेडगांव आहे; जामखेड तालुक्यांत खर्डें आहे; आणि खुद्द नगर शहराच्या पूर्वेस, भिंगारच्या बाजूस, निजामशाहीचा भुईकोट किल्ला आहे. हीं तिन्ही स्थळें ज्या जिल्ह्यांत मोडतात त्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर असें नांव झालें आहे. परंतु ज्या काळाच्या कागदांवरून आम्ही हा विचार करणार आहों त्यांत अहमदनगर किंवा नुसतें नगर असेंच येत असल्यामुळें या लेखांत तेंच नांव ठेविलें आहे. या तीन स्थळांशीं तीन कैदांचा इतिहास निगडित आहे. पेडगांवच्या बहादूरगडावर इ. स. १६८९ त छत्रपति संभाजीमहाराज व त्यांचे मंत्री कवि कलश यांस बंदिवान करून आणिलें, खर्ड्यास इ. स. १७९५ त निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवालीं झाला. आणि ज्या नाना फडणिसानें त्यास तहांत मागून घेतलें तो नाना तीन वर्षांच्या आंत नगरच्या किल्ल्यांत स्वतःच अटकेंत पडला. हीं तीन प्रकरणें बखरींत, इंग्रजी इतिहासांत व पाठ्यपुस्तकांत शेंकडों वेळां सांगितलीं गेलीं आहेत. परंतु तिहींस मिळून एकच प्रश्न विचारिलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. तो प्रश्न असा कीं, शत्रु हातीं लागला म्हणजे तो शत्रुच राहतो किंवा त्या क्षणापासून अपराधी होतो ?

प्रश्न शाब्दिक वाटेल, पण नाहीं. युद्ध हें दोन सत्तांमधील असतें व त्या दोहोंवर न्यायाधीश कोणी नसतो. दंड हा सत्तेनें आपल्या हुकमतीखालील माणसास, चौकशी करून, त्याच्या कृत्याबद्दल द्यावयाचा असतो. युद्धांत पडलेला शिपाई कांहीं गुन्हा केला म्हणून मारला जात नाहीं. आणि गुन्हेगारास शासन होतें तें तो बलहीन झाला म्हणून नव्हे. या दोहोंची सरमिसळ झाली कीं विजयी पक्षास फार सोयीचें होतें. कारण मग लढाईंतील द्वेषास न्यायाचें वस्त्र मिळतें आणि न्यायास लागणारे पुरावे, चौकशी व मर्यादा यांतून मात्र सुटका होते.

या भेदाचा युरोपांत ज्यानें फार नेटानें विचार केला तो पुरुष म्हणजे प्रशियांतील कोनिग्सबर्ग येथील विद्यापीठाचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक इमान्युएल कांट ( १७२४–१८०४ ). त्याच्या पूर्वीं डच पंडित ग्रोशियस यानें इ. स. १६२५ त युद्ध व शांतता यांच्या कायद्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत शासन करण्याच्या हेतूनें केलेलें युद्धहि धर्म्य असूं शकतें असें प्रतिपादन होतें. कांटानें तें नाकारिलें. शाश्वत शांततेवरील त्याचा निबंध इ. स. १७९५ त, म्हणजे खर्ड्याची लढाई झाली त्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला. त्यांत त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : राज्याराज्यांत वरिष्ठ व कनिष्ठ असें नातें नाहीं, म्हणून एका राज्यानें दुसऱ्यास शिक्षा देण्यासाठीं युद्ध करणें ही कल्पनाच संभवत नाहीं, आणि युद्ध चालू असतांहि मारेकरी घालणें, दिलेला कौल मोडणें असले उपाय वर्ज्य केले पाहिजेत, कारण त्यांनीं पुढें तह करण्यास लागणारा विश्वासच नाहींसा होतो. दोन वर्षांनीं, १७९७ त, त्यानें न्यायशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला त्यांत दंडाचा विचार आहे. दंड हा केवळ अपराध घडला म्हणून द्यावा, इतर कोणाच्या फायद्याचें साधन म्हणून देऊं नये. आणि देहान्त दंड द्यावा लागलाच तरी मरणाऱ्याच्या ठिकाणीं जें मनुष्यत्व आहे त्याची विटंबना होईल असे हाल करूं नयेत, असा त्याचा सिद्धान्त आहे. कांटाचा दंडविचार पुष्कळांस कठोर वाटतो, व कांहीं अंशीं तो आहेहि. कारण मनुष्यवधास वधच हें त्यास मान्य होतें. परंतु जो मनुष्य देहान्त दंडाचा इतका कट्टा पुरस्कर्ता, त्यानेंच विटंबनेची मर्यादा घालून द्यावी हें आम्हांस विशेष वाटतें.

कोनिग्सबर्गच्या प्राध्यापकाचा मापदंड भीमेकांठच्या घडामोडींस लावणें अप्रशस्त आहे असें कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. म्हणून ज्या शास्त्रांचा अधिकार ते ते पक्ष स्वतः मानीत होते त्यांचीच साक्ष आधीं काढूं.

धर्मशास्त्रांत युद्धाचे नियम व दंडाचे नियम निरनिराळ्या ठिकाणीं येतात. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजधर्म सांगतांना, शस्त्र टाकलेला, हात जोडलेला, केस मोकळे सुटलेला, बसलेला, 'मी तुझा' म्हणणारा अशा शत्रूस मारूं नये असें आहे. विषारी अथवा गुप्त शस्त्रांचाहि निषेध आहे. याज्ञवल्क्याचेंहि तात्पर्य तेंच. त्याच सातव्या अध्यायांत, देश जिंकल्यावर तेथील लोकांस अभय द्यावें, त्यांचे आचार मान्य करावे व जिंकलेल्या राजाच्या वंशांतील पुरुष गादीवर बसवावा असेंहि सांगितलें आहे. दंडाचें प्रकरण याहून वेगळें. वाग्दंड, धिग्दंड, धनदंड व वधदंड असे त्याचे चार प्रकार. आणि अपराध, देश, काल, बल, वय, कर्म व वित्त पाहून तो ठरवावा असें याज्ञवल्क्य सांगतो. जो दंडास पात्र नाहीं त्यास दंड करणारा राजा स्वतः दोषी होतो. शिवाय मनूची एक कल्पना आहे ती येथें फार महत्त्वाची आहे : राजानें ज्यास दंड केला तो पापमुक्त होऊन सुकृती पुरुषाप्रमाणें सद्गतीस जातो. म्हणजे दंड हा दंडिताच्याहि हिताचा, एक प्रकारचें शोधन. रघुनाथरावास रामशास्त्र्यांनीं सांगितलें असें जें परंपरेंत प्रसिद्ध आहे त्यांत शब्द 'शिक्षा' हा नाहीं, 'देहान्त प्रायश्चित्त' हा आहे. तो या समजुतीस धरूनच आहे.

या विषयांत खुद्द नगर प्रांताचा वांटा लहान नाहीं. निजामशाहीच्या आरंभकाळीं, म. म. पां. वा. काणे यांच्या निर्णयाप्रमाणें इ. स. १४९० ते १५१२ यांच्या दरम्यान, दलपतिराज नांवाच्या ब्राह्मण अधिकाऱ्यानें नृसिंहप्रसाद हा विस्तीर्ण निबंधग्रंथ रचिला. तो आपणांस निजामशहाच्या पदरचा म्हणवितो. ग्रंथाचे बारा 'सार' आहेत. त्यांत व्यवहारसारानंतर लगेच प्रायश्चित्तसार आणि त्यामागून कर्मविपाकसार येतें. न्यायसभेंत ठरलेला दंड, स्वतः होऊन घेतलेलें प्रायश्चित्त आणि जन्मान्तरीं भोगावयाचें फळ हीं तिन्ही एकापुढें एक ठेवण्यांत मनूचीच ती दृष्टि आहे असें आम्ही समजतों. ग्रंथाचीं हस्तलिखितें निरनिराळ्या संग्रहांत आहेत व कांहीं सार काशीच्या सरस्वतीभवन ग्रंथमालेंत छापून निघाले आहेत. बारा सारांत राजनीतीस स्वतंत्र सार नाहीं हेंहि संग्राहकांच्या ध्यानांत यावें. मुसलमान राजाच्या कारभाऱ्यानें प्रजेच्या व्यवहाराचा ग्रंथ लिहावा पण धन्याच्या युद्धनीतीस हात घालूं नये, हें त्या काळच्या मानानें शहाणपणाचेंच होतें.

याच प्रांतांत नेवासें येथें शके १२१२ त ज्ञानेश्वरी झाली. लढावें कीं न लढावें या एका प्रश्नावरील मराठी भाष्याचा जन्म येथला, हें सांगावयास नकोच. पुढें त्याच नेवाशाच्या कवींद्र परमानंदानें शिवभारत रचिलें. तंजावरच्या सरस्वती महालांतील पोथीवरून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तें १९२७ त प्रसिद्ध केलें. एकतीस अध्याय व बत्तिसाव्याचा थोडा आरंभ एवढाच भाग उपलब्ध आहे. अफजलखानाच्या प्रसंगीं पहिला वार खानानें केला हें सांगण्याची परमानंदानें घेतलेली काळजी पाहिली म्हणजे कवीस आपल्या नायकाचा पराक्रम सांगून भागत नव्हतें, त्याची धर्म्यताहि सिद्ध करावयाची होती हें उघड होतें. श्रोत्यांस तशी अपेक्षा असल्यावांचून कवि असा श्रम करीत नाहीं.

दुसऱ्या पक्षाचें शास्त्र म्हणजे हनफी पंथाचा फिक्ह. औरंगजेबानें स्वतः विद्वानांचें मंडळ बसवून फतावा-इ-आलमगिरी हा संग्रह करविला, तेव्हां त्या शास्त्राचा अधिकार त्यास नाकारतां येण्यासारखा नव्हता. त्यांत लढाईंत धरलेल्या परधर्मी कैद्याविषयीं राजास मोकळीक आहे : ठार मारावें, गुलाम करावें किंवा जिम्मी म्हणून राहूं द्यावें. परंतु अवयवच्छेद करून विटंबना करणें, ज्यास मुस्ला म्हणतात, तें हिदाया-सारख्या मान्य ग्रंथांत निषिद्ध मानिलें आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवून बहादूरगडाकडे वळावें.

बहादूरगड हें नांव मोगलांचा सुभेदार बहादूरखान कोकलताश याच्या छावणीवरून पडलें. १६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं शेख निजाम उर्फ मुकर्रबखान यानें संगमेश्वरीं छापा घालून संभाजीमहाराज व कवि कलश यांस धरिलें, आणि त्याच महिन्याच्या मध्यास त्यांस बहादूरगडीं बादशहाच्या लष्करांत आणिलें. विदूषकासारख्या टोप्या घालून, उंटांवर बसवून, वाद्यें वाजवीत धिंड काढिली. नंतर रुहुल्लाखानाकरवीं खजिन्याची व फितूर झालेल्या मोगल सरदारांच्या नांवांची विचारणा झाली. महाराजांनीं दिलेल्या उत्तरांमुळें बादशहा अधिकच संतापला. त्यांचे डोळे काढविले व कवि कलशाची जीभ छाटविली. पुढें लष्कर भीमेकांठीं कोरेगांवच्या बाजूस गेल्यावर, शके १६१० च्या फाल्गुन वद्य अमावास्येस, दोघांचा वध झाला.

येथें तिथीविषयीं एक शब्द. ही अमावास्या इंग्रजी तारखेनें ११ मार्च १६८९ अशी छापिली जाते, आणि खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ ची. यावरून दोहोंचा दिवस एकच असा चमत्कार कांहीं भाविक लेखक सांगतात. पहिली तारीख जुन्या पद्धतीची आहे व दुसरी नव्या पद्धतीची. नव्या गणनेनें १६८९ ची अमावास्या २१ मार्चास पडते. चमत्कार जुन्या व नव्या पद्धतीच्या घोटाळ्यांतून निघालेला आहे.

वधाचें समर्थन मोगल पक्षानें कसें केलें, हा आमच्या विषयाचा गाभा आहे. साकी मुस्तैदखानाच्या मासिर-इ-आलमगिरींत, जी बादशहाच्या पश्चात् १७१० च्या सुमारास पुरी झाली, दिलेलीं कारणें अशीं : यानें मुसलमानांस मारिलें, कैद केलें, इस्लामचीं शहरें लुटिलीं, म्हणून त्यास जिवंत ठेवण्याच्या कारणांपेक्षां मारण्याचीं कारणें अधिक भरलीं, आणि शरियतीच्या जाणत्यांचें व दरबारी मुत्सद्द्यांचें मतहि तसेंच पडलें. ही भाषा बारकाईनें पाहावी. प्रथम आरोप सांगितले आहेत, मग दोन्ही बाजूंच्या कारणांची तुलना, मग शास्त्रज्ञांचा कौल. वरून पाहतां हा न्यायनिवाडा आहे. पण आरोप काय आहेत ? बऱ्हाणपूरची लूट, मोगल शिपायांचा वध, म्हणजे युद्ध. बऱ्हाणपुरावरील १६८१ ची स्वारी सामान्य रहिवाशांस किती जाचक झाली हें खाफीखान सांगतो, आणि त्यास मराठी लेखकांनीं डोळेझांक करूं नये. नगरांतील व्यापाऱ्यास कोणाच्या घोड्यांनीं तुडविलें याचें सुखदुःख नसतें. परंतु त्या कृत्याचा न्याय करण्याचा अधिकार बादशहास कोठून आला ? शिवछत्रपतींचा १६७४ सालीं राज्याभिषेक होऊन गेलेला होता. बादशहाच्या दृष्टीनें तो पोकळ, आणि भोसले हे जमीनदार, बंडखोर. तेव्हां वाद खरा सार्वभौमत्वाचा होता, आणि तो ज्या प्रश्नावर होता त्याचेंच उत्तर गृहीत धरून निवाडा दिला गेला.

खाफीखानाच्या मुन्तखब-उल्-लुबाबांत आणखी एक गोष्ट आहे. कांहीं सल्लागारांचें म्हणणें पडलें कीं कैद्यांस जिवंत ठेवावें, जन्मभर अटकेंत घालावें, आणि त्या मोबदल्यांत किल्ल्यांच्या किल्ल्या मागाव्या. म्हणजे कैद्यास अपराधी न समजतां ओलीस समजावें असा पक्ष खुद्द मोगल दरबारांत होता. तो मागें पडला. मराठे मुलखाच्या दृष्टीनें त्याचा परिणाम काय झाला तो सर्वश्रुत आहे. राजा गेल्यावर तह करावयास माणूसच उरला नाहीं, आणि अठरा वर्षांनीं बादशहा याच प्रांतांत, नगरजवळ भिंगारच्या छावणींत, युद्ध न संपतां वारला. परंतु परिणामावरून कृत्य वाईट ठरविणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. कृत्य वाईट होतें तें त्या पक्षाच्याच शास्त्राप्रमाणें. मुफ्तींच्या मतानें वधाची परवानगी मिळूं शकत होती; डोळे काढण्याची व जीभ छाटण्याची नव्हे. तो भाग ना युद्धाचा ना दंडाचा. कांटानें ज्यास मनुष्यत्वाची विटंबना म्हटलें व हनफी शास्त्रानें ज्यास मुस्ला म्हटलें तो तो होता.

चिटणिशी बखरींत या प्रसंगीं संभाजीमहाराजांनीं बादशहाची कन्या मागितली वगैरे जो संवाद आहे त्यावर आम्ही भर देत नाहीं. ती बखर प्रसंगानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिलेली, आणि वा. सी. बेंद्रे यांनीं १९६० त व डॉ. कमल गोखले यांनीं १९७१ त प्रसिद्ध केलेल्या चरित्रांनंतर बखरीतल्या संभाजीचित्राचा आधार पुष्कळच ढांसळला आहे. परंतु अशा संवादांनीं एक हानि केली आहे ती अशी कीं, त्यांच्यामुळें वध हा एका उर्मट उत्तराचा परिणाम वाटूं लागतो व त्यामागील शास्त्रार्थाकडे लक्ष जात नाहीं.

त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हातीं आले. पिता बंडखोर म्हणून मारिला, पण पुत्रास राजा हा किताब व सात हजारी मनसब देऊन बादशाही डेऱ्याजवळ ठेविलें. बाप राजा नव्हता तर मुलगा कशावरून राजा ? येथें औरंगजेबानें मनूस ठाऊक असलेलाच मार्ग, जिंकलेल्या वंशांतील पुरुषास हातीं धरण्याचा, चोखाळिला असें दिसतें. १७०७ त अजमशहानें शाहूस सोडिलें तें नर्मदेपलीकडे. येसूबाई मात्र ओलीस म्हणून मागें राहिल्या व १७१९ त परतल्या. परत येतांना शाहूनें पारद गांवावर हल्ला केला. गांवचा पाटील पडला, आणि त्याच्या विधवेनें लहान मूल पुढें आणून घातलें. तें मूल शाहूनें पदरीं घेतलें. तोच पुढें फत्तेसिंग भोसले, अक्कलकोट घराण्याचा मूळ पुरुष. गांवास शासन करावयास निघालेला राजा त्या बाईपुढें थांबला. स्वतः अठरा वर्षें ओलीस राहिलेल्या माणसास ती बाई काय मागते तें समजण्यास वेळ लागला नसावा.

आतां खर्डें. येथील किल्ला निंबाळकरांचा. मराठ्यांनीं निजामअलीस कोंडिलें तें याच किल्ल्याच्या आसऱ्यास असतां. युद्धाचें मूळ चौथाईच्या थकलेल्या बाकींत होतें हें खरें. पण त्यास पेट दिला मशीरुल्मुल्काच्या जिभेनें. हिशेब मागणारे मराठ्यांचे वकील गोविंदराव काळे यांस दरबारांत त्यानें सुनाविलें कीं नानानें स्वतः हैदराबादेस येऊन हिशेब समजवावा, न आल्यास आणविला जाईल. निजामाच्या लष्करांत पुणें लुटून जाळण्याच्या व पेशव्यास लंगोटीनिशीं काशीस धाडण्याच्या वल्गना चालल्या होत्या असें ग्रँट डफ लिहितो. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यानें तटस्थता धरिली. परशुरामभाऊ पटवर्धनाच्या सेनापतित्वाखालीं शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले एकत्र झाले. ११ मार्च १७९५ रोजीं लढाई होऊन निजामअली रात्रीच्या गोंधळांत खर्ड्याकडे हटला, आणि पाण्यावांचून कासावीस होऊन त्यानें दोन दिवसांत बोलणें लाविलें. लढाईंत मनुष्यहानि फार थोडी. मराठ्यांचीं कलमें मात्र जबर : परिंड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख दौलताबादेसह, तीन कोट रुपये, आणि सर्वांच्या आधीं मशीरुल्मुल्काची सुपूर्दगी.

हें शेवटलें कलम युद्धाचें कीं दंडाचें ? मागणी करणाऱ्यांची भाषा दंडाची होती : यानें आमचा अपमान केला, यास आमच्या हवालीं करा. कांटाच्या नियमानें पाहिलें तर येथपर्यंत मराठे चुकत होते. वकिलास बोललेल्या शब्दांबद्दल दुसऱ्या राज्याच्या दिवाणास शासन करण्याचा अधिकार पुण्यास नव्हता. परंतु पुढें जें घडलें तें भाषेपेक्षां बरें होतें. दिवाण हातीं आला तेव्हां तरुण पेशवे सवाई माधवराव छावणीच्या वेशीपर्यंत त्यास सामोरे गेले; मानानें घेतलें, पहारा मात्र कडक ठेविला. धिंड निघाली नाहीं. पुढें पुण्यास त्यास नजरकैदेंत ठेविलें. १६८९ त खाफीखानाच्या सल्लागारांनीं जो मार्ग सुचविला तोच हा, कैद्यास ओलीस म्हणून ठेवण्याचा. परत आल्यावर पेशव्यांची मुद्रा खिन्न दिसली व नानानें कारण विचारिलें, तेव्हां मोगलांनीं इतकी लाजिरवाणी शरणागति पत्करावी आणि आमच्या लोकांनीं श्रमावांचून मिळालेल्या जयाच्या बढाया माराव्या, हा दोन्ही पक्षांचा ऱ्हासच आहे, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें, असें ग्रँट डफ सांगतो. वीस वर्षांच्या मुलाच्या तोंडीं हे विचार मोठे आहेत खरे. तथापि डफ यास हें रचून सांगण्याचें कारण दिसत नाहीं.

यावरून मराठ्यांची नीति सदाच उदार होती असें अनुमान कोणी काढील तर तें आम्हांस मान्य नाहीं. सहा वर्षांनीं, १८०१ च्या एप्रिलांत, दुसऱ्या बाजीरावानें विठोजी होळकरास पुण्यांत हत्तीच्या पायीं देऊन मारविलें. विठोजीनें लूट केली होती, तेव्हां आरोप नव्हता असें नाहीं. पण बाजीराव हा विठोजीचा राजा होता, म्हणून तें दंडाचें प्रकरण म्हणतां आलें असतें, तर दंडास लागणारी चौकशी व मर्यादा त्यांत कोठें होती? बहादूरगडीं युद्धास दंडाचें नांव दिलें. शनिवारवाड्यापुढें दंडाच्या नांवाखालीं वैर उगविलें. त्यांतून यशवंतराव पुण्यावर आला, १८०२ त हडपसरची लढाई झाली, वसईचा तह झाला, आणि १२ ऑगस्ट १८०३ रोजीं वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला.

त्याच किल्ल्यांतील तिसरा कैदी राहिला. १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव वारले व पुण्यांत वारसाची गडबड सुरू झाली. तींत मशीरुल्मुल्काच्या ओलीसपणाची किंमत वाढली. १७९६ त नाना महाडास असतां, निजामाचें पाठबळ मिळावें म्हणून, खर्ड्यास मिळविलेलें बहुतेक परत सोडण्याचा करार झाला व दिवाण मोकळा झाला. ज्या कैदेचा हेतु अपमानाचें परिमार्जन असा सांगितला गेला होता ती अखेर सौद्यांत खर्ची पडली. दुसऱ्याच्या फायद्याचें साधन म्हणून दंड नसावा, हें कांटाचें वाक्य ज्या वर्षीं छापिलें गेलें त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १७९७ रोजीं, नाना दौलतराव शिंद्यांच्या भेटीस गेला. सुरक्षिततेची हमी शिंद्यांचा नेपल्सकडील सेनानी मायकेल फिलोज यानें शपथपूर्वक दिली होती. भेटीच्या ठिकाणींच नानास पकडिलें, त्याच्या पक्षाच्या लोकांचीं घरें लुटिलीं, आणि त्यास नगरच्या किल्ल्यांत रवाना केलें.

नानावर आरोप कोणता ? कोणताच नाहीं. तो शत्रु नव्हता, कारण युद्ध नव्हतें; अपराधी नव्हता, कारण चौकशी नव्हती; ओलीस नव्हता, कारण कोणत्या तहाचें पालन त्याच्या देहावर अवलंबून नव्हतें. पैक्याची निकड हें एकच कारण. तिन्ही कैदांत ही सर्वांत कमी क्रूर आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीनें सर्वांत निराधार. बहादूरगडीं निदान मुफ्तींस विचारावेंसें वाटलें होतें. नगरास कोणासहि विचारिलें नाहीं, आणि कौल मोडला गेला तो ज्या प्रकारचा कौल मोडल्यानें पुढला तहच अशक्य होतो असें त्या प्राध्यापकानें लिहून ठेविलें होतें त्याच प्रकारचा. यानंतर पुण्याच्या दरबारांत कोणी कोणाच्या शपथेवर भेटीस गेला असेल तर तो भाबडाच म्हटला पाहिजे.

१७९८ च्या जुलैंत पैका भरून नाना सुटला. मशीरुल्मुल्क तोंपर्यंत हैदराबादेस आपल्या दिवाणगिरीवर परत पोंचला होता. १ सप्टेंबर १७९८ रोजीं त्याच्या कारभारांत निजामअलीनें इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला. तेव्हां नाना नगरच्या किल्ल्यांतून बाहेर पडून पुरते दोन महिनेहि झाले नव्हते.